राणीसावरगावच्या आवाजाची नक्कल

माझ्या कारखान्यात पहिल्यांदा येणारा माणूस आधी माझ्या पाठीमागे बघतो. पाठीमागे भिंत आहे. भिंतीवर पकडी, कटर आणि एक निळं कॅलेंडर आहे. तिथे कुणी पुरुष दिसला नाही, की तो विचारतो, "मिस्टर बाहेर गेलेत का?" मी सांगते, "मिस्टर अजून बनवलेले नाहीत. त्यांचा नकाशा मिळत नाही." यावर काही जण हसतात, काही जिना उतरून जातात. हसणाऱ्यांशी माझा धंदा जमतो.

कारखाना म्हणजे परभणीच्या मोंढ्याजवळ, रफीकचाचांच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानावरची एक खोली. खाली शेतातल्या पंपांच्या जळालेल्या मोटारी येतात आणि वर मी विलायती स्टुडिओ-यंत्रांच्या नकला करते. या अंकाच्या संपादकांनी धंद्यातले अनुभव मागितले आणि वर बजावलं, "हलकंफुलकं लिहा, घोषणा नकोत." मी ज्या घरात वाढले तिथे रद्दीतसुद्धा पत्रकंच होती. पप्पा शाळेत क्लार्क होते, आणि संध्याकाळी आमच्या घरात पत्रकांच्या घड्या घातल्या जायच्या. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'जाहीर निषेध'वर. तेव्हा प्रयत्न करते, पण हमी देत नाही.

आधी धंदा काय आहे ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या आत्याला अजूनही वाटतं, मी स्वयंपाकघरातले मिक्सर दुरुस्त करते.

माईक हा कान तयार असलेला, पण अंगात त्राण नसलेला प्राणी आहे. तो सगळं ऐकतो, पण पुढे सांगताना त्याचा आवाज फुटत नाही. त्याच्या तारेतून येणारी वीज इतकी क्षीण असते, की ती रेकॉर्डिंगच्या कामी येत नाही. तिला शंभरपट, हजारपट मोठं करणारं यंत्र म्हणजे प्रीअँप. मोठं करताना ते यंत्र त्यात स्वतःचं काहीतरी मिसळतंच. कुणी ऊब मिसळतं, कुणी किरकिर. दुसरं यंत्र इक्वलायझर. आवाजातला जाड भाग, मधला भाग आणि बारीक भाग वेगवेगळे वाढवायचे किंवा दाबायचे, हे त्याचं काम. काही दशकांपूर्वी इंग्लंडातल्या मोठ्या स्टुडिओंत ही दोन्ही एकाच लांबट डब्यात बसवलेली असत. ते स्टुडिओ मोडीत निघाले, हे डबे बसवलेली मिक्सिंगची टेबलं तोडली गेली, आणि त्यातले सुटे डबे आता जगभर विकले जातात. एका जोडीच्या किमतीत आमच्याकडे ट्रॅक्टर येतो.

यावर माझं म्हणणं सरळ आहे. लंडनच्या गायकाच्या गळ्यापुढे जे यंत्र होतं, ते गंगाखेडच्या गायिकेच्या गळ्यापुढे का नसावं? आवाजाला पासपोर्ट लागत नाही. यंत्राचा नकाशा, म्हणजे आतल्या जोडणीचं चित्र, उपलब्ध आहे, ट्रान्झिस्टर मिळतात, हात आपलेच आहेत. मग करायची नक्कल. (ही घोषणा झाली. संपादकांनी मोजून घ्यावी.)

नकलेतली खरी मेख म्हणजे ट्रान्सफॉर्मर. नखाएवढ्या पत्र्यांच्या गठ्ठ्यावर केसाएवढी तांब्याची तार गुंडाळायची. या यंत्राची सगळी ऊब तिथेच असते. विदेशातून मागवावा तर तोच ट्रॅक्टर पुन्हा दारात उभा राहतो. म्हणून मी जिना उतरून रफीकचाचांकडे गेले. चाचांनी नमुना तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ये क्या है बेटी? मच्छर के बोअरवेल की मोटार?"

"चाचा, ही माईकसाठी आहे."

"मेरे पास पाच हॉर्सपॉवर से कम कोई आता नहीं. इज्जत का सवाल है."

तरी त्यांनी तार गुंडाळून ट्रान्सफॉर्मर भरला. पहिला इतका मजबूत भरला, की डब्यात बसेना. दुसरा बसला, पण त्यातून रेडिओ ऐकू येऊ लागला. ही थाप नाही. असल्या नाजूक यंत्राला नीट कवच नसेल तर ते हवेतली रेडिओची लहर पकडतं. मी हेडफोन लावून बसले होते आणि कानात एक गृहस्थ गंभीरपणे कपाशीवरच्या अळीचा बंदोबस्त सांगत होते. चाचांना ऐकवलं. त्यांनी पूर्ण कार्यक्रम ऐकला, हेडफोन काढला आणि म्हणाले, "हौ, बराबर बोल रहा वो. पिछले साल मेरे भाईने यही फवारा था." यंत्रात दोष आहे हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. त्यांच्या मते मी एका कामात दोन कामं करणारं यंत्र बनवलं होतं आणि उगाच नाक मुरडत होते.

कवच बसवलं, अळी गेली, आणि माझा पहिला डबा तयार झाला.

डब्याच्या तोंडावर काय छापायचं यावरून पहिलं भांडण झालं. पहिलं गिऱ्हाईक मानवतचा संदीप. त्याच्या वडिलांचा कापसाचा व्यापार, आणि जुन्या गोदामाच्या एका खोलीत यानं स्टुडिओ टाकलेला. भिंतींना कापूस ठासलेल्या गाद्या लावल्यात. खोली इतकी मुकी, की आत टाळी वाजवली तर आपणच वाजवली का अशी शंका येते. तिथे लग्नाची गाणी, निवडणुकीचा प्रचार आणि जयंतीची गाणी, सगळं रेकॉर्ड होतं.

"ताई, समोर त्या इंग्लिश कंपनीचं नाव टाका ना. गिऱ्हाईकावर छाप पडते."

"त्यावर 'नक्कल' असं छापणार. खाली 'परभणी'."

"नक्कल म्हणून कुणी सांगतं का?"

"चोर सांगत नाही. मी सांगते."

त्याहून त्याला छळलं ते बटणांनी. मूळ यंत्रावर आकडे असतात, इतके हर्ट्झ, तितके हर्ट्झ. मी तीन बटणांना मराठी नावं दिली: ढोलक, शब्द आणि झांज. जाड आवाज ढोलकीत राहतो, बारीक झांजेत, आणि माणूस काय म्हणतोय ते मधे. संदीपनं नाक मुरडून डबा नेला आणि आठ दिवसांत फोन केला, "ताई, गायनपार्टीवाले स्वतःच सांगायला लागले, 'भाऊ, शब्द जरा वाढव.' आधी नुसतं 'मजा येत न्हाई' म्हणायचे."

प्रत्येक डब्यासोबत मी एक पत्रक देते. एका बाजूला संपूर्ण नकाशा आणि सामानाची यादी. दुसऱ्या बाजूला मजकूर, त्याची सुरुवात अशी: 'बंधूंनो आणि भगिनींनो, हे यंत्र उघडायला मनाई नाही. उघडा, बघा, याची नक्कल करा. माहिती दाबून ठेवणाऱ्यांनीच आजवर आपल्याला बाहेर उभं केलं आहे.' लोक म्हणतात, तू स्वतःच्या धंद्याच्या मुळावर उठलीस. अजून तरी फारशा नकला झालेल्या नाहीत. कारण चाचा प्रत्येकाला भरून देत नाहीत. त्यांना वाटतं, असली डासांची कामं वाढली तर पंपवाले हसतील.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची येतात. एक डीजेवाला आला आणि म्हणाला, "म्याडम, ढोलकचं बटन अजून फिरायला पाहिजे. खिडक्या वाजल्या पाहिजेत." मी म्हटलं, खिडक्या वाजवायला सुतार बोलवा. पुण्याचा एक संगीतकार दोन डबे घेऊन गेला आणि महिनाभराने त्यानं विचारलं, तुमच्या डब्यात जो 'मातीचा स्पर्श' आहे तो नेमका कुठल्या घटकामुळे? मी खरं तेच कळवलं. मोंढ्यात धूळ फार.

पण ज्या कामासाठी हे लिहायला बसले ते सुभद्रामावशीचं.

सुभद्रामावशी राणीसावरगावची. आईच्या नात्यातली, साठीच्या पुढची. तरुणपणी दर हंगामात ऊसतोडीला जायची आणि फडावरच गाणी रचायची. नंतर तिनं स्वतःची गायनपार्टी काढली. पेटीवर तिचा भाऊ किसनमामा, ढोलकीवर एक पुतण्या, मधे माईक धरून ती. तालुक्यातल्या किती गावांत तिनं जयंती गाजवली याचा हिशोब नाही. गाणी सगळी तिची, चाली तिच्या, आणि कागदावर एकही नाही. मला करुणा या नावानं हाक मारून झाली की ती हमखास म्हणते, "नाव करुणा ठिवलं अन् जीभ बग पोरीची, कोयता."

एक दिवस ती जिना चढून आली. धाप लागलेली, आणि आवाज खरवडलेला.

"करुणे, गळ्यात गाठ निघालीय. नांदेडच्या डॉक्टरनं कापायची म्हणलंय."

"कधी?"

"फुडच्या आठवड्यात. वंगाळ न्हाई म्हणला, पर आवाज पयल्यावानी येईलच ह्याची ग्यारंटी न्हाई. तव्हा त्याच्या आधी माजी गाणी भरून ठिवायची. तू लंडनचं यंत्र केलंस म्हणं. त्याच्यात भर."

माझ्यासारखीला यापेक्षा मोठा सन्मान कुठला? ज्या घोषणेवर मी धंदा उभा केला, ती घोषणाच लुगडं नेसून समोर बसली होती. मी तिला म्हटलं, "मावशी, लंडनच्या राणीला मिळतो तसला आवाज देते तुला."

"राणीचं र्‍हाऊ दे. माजाच दे."

मी ते वाक्य ऐकलं आणि सोडून दिलं.

मावशी तपासण्यांसाठी परभणीत लेकीकडे उतरली होती. एस. टी.नं सगळे मानवतला गेलो. संदीपनं कापसाच्या खोलीत चांगला माईक लावला, माझा डबा लावला. डॉक्टरनं गळ्याला ताण देऊ नको म्हटलेलं, म्हणून मावशीनं एकच गाणं गायलं. गाणं फडावरचं होतं, कोयता आणि पाटीचं. मी काचेतून बघत होते आणि मनात पत्रक लिहीत होते. आवाज असा आला, की काय सांगू. दाट, ऊबदार, श्वाससुद्धा ऐकू येत होता. संदीपनं माझ्याकडे बघून मान हलवली. मग मावशीला आत बोलावून ऐकवलं.

तिनं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. मग डोळे उघडले.

"बरंय. कुणाचं हाय?"

"मावशी, तुझंच की. आत्ता गायलीस ते."

"माजं? हे माजं न्हाई. ही बाई कानात बोलायलीय. मी कव्हा कुणाच्या कानात बोलले गं?"

"मावशी, मोठमोठ्या गायकांचे आवाज अशाच यंत्रातून…"

"मोठ्या गायकांचा असंल. त्यांना खोलीत गायचं असतंय. मी गाते तव्हा माजा आवाज कर्ण्यातून निगतो, विहारावरून पांदीनं जातो अन् वढ्यापलीकडच्या वस्तीवर पोचतो. तिथली म्हातारी खाटंवरून म्हणती, सुबी गायली. ह्या आवाजाला ती म्हातारी वळखंल का?" मग ती संदीपकडे वळली. "लेकरा, पूस हे. मी मेल्यावर लोकायनी ही दुसरीच बाई सुबी म्हणून ऐकावी का?"

संदीपनं माझ्याकडे बघितलं. मी पुसू नको म्हणून खूण केली. मावशीनं ती खूण पकडली, आणि शेवटी माझ्याच हातानं पुसायला लावलं.

परतीच्या एस. टी.त मी तणतणत होते. समतेच्या तत्त्वावर बनवलेलं यंत्र एका बाईनं नाकारलं होतं आणि तिचा मुद्दा मला खोडता येत नव्हता. माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून जसा ऐकू येतो, त्यालाच तो आपला म्हणतो. मावशीनं आयुष्यभर स्वतःला लोखंडी कर्ण्यातून ऐकलं होतं. आणि मी जुनं यंत्र म्हटलं की इंग्लंडकडे बघत होते! जुनं यंत्र राणीसावरगावातही होतंच की.

"मावशी, पार्टीचा तो पहिला अँप्लिफायर कुठाय?"

"विहाराच्या माळ्यावर. गेला तो कव्हाच."

दुसऱ्याच दिवशी किसनमामा तो पोत्यात बांधून घेऊन आला. करड्या रंगाचा पत्र्याचा डबा, चारही कोपरे चेपलेले. मी म्हटलं, आधी यालाच जिवंत करून बघू. वीज दिली. आतून खोकल्यासारखा आवाज आला, मग धूर आला. किसनमामानं टोपी काढली आणि म्हणाला, "गेला. ह्यो चौथ्यांदा गेला."

वीज देणारा भाग जळला होता, माईकचा ट्रान्सफॉर्मर उंदरांच्या कृपेनं गंजला होता. म्हणजे नक्कल करणं हाच मार्ग. आणि नक्कल हा तर माझा धंदा.

डबा उघडला आणि आत मला जत्रा दिसली. कंपनीनं बसवलेले भाग निम्मेसुद्धा नव्हते. एका जागी दुसऱ्याच मापाचा कपॅसिटर, त्याचे पाय लांबवायला सायकलची तार. एक रेझिस्टर भलत्याच मापाचा. आवाज जाड-बारीक करायचं बटण मोडलेलं, आणि ते जिथे मोडलं तिथेच तारेनं डाग देऊन कायमचं पक्कं केलेलं. किसनमामा प्रत्येकाचा इतिहास सांगायला लागला.

"ह्यो कपॅसिटर पाव्हण्याच्या रेडिओतला. मिरवणूक दारात, अन् अँप बंद. पाव्हणा जेवायला बसलावता. तेवढ्यात काढला."

"त्याला विचारून?"

"जेवण झाल्यावर इचारलं."

"आणि हे बटण?"

"ते भांडणात तुटलं. फुडं कोण बसायचं त्याच्यावरून."

आता माझ्या धंद्याचा एक कडक नियम सांगते. नक्कल करायची ती यंत्र कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा जसं होतं तशी. मधल्या दुरुस्त्या म्हणजे घाण, ती काढायची. जगभरचे नकलाकार हा नियम पाळतात आणि मीही बाणेदारपणे पाळते. त्या अँप्लिफायरचा कारखान्याचा मूळ नकाशा मला एका जुन्या दुरुस्तीच्या पुस्तकात मिळाला. मी पाव्हण्याचा कपॅसिटर, सायकलची तार, मोडकं बटण, सगळं रद्द केलं आणि शुद्ध नकाशाप्रमाणे माईकचा भाग नव्यानं बांधला.

गंजलेला ट्रान्सफॉर्मर चाचांकडे दिला. त्यांनी तो उलटा सोडवत मोजला आणि कपाळाला हात लावला. "किसी अनाडी ने भरा है. तार आधी मोटी, आधी बारीक. बीच में गाठ. वेढे भी कम. मैं दुरुस्त करके भरता."

"भरा चाचा. एकदम बरोबर भरा."

आम्ही दोघं आपापल्या मजल्यावर अतिशय बरोबर काम करत होतो.

यंत्र तयार झालं. मावशी आली, चाचांच्या स्टुलावर बसली, चहा पिऊन झाल्यावर माईकमध्ये दोन ओळी म्हणाली. कर्णा मी खिडकीबाहेर मोंढ्याकडे तोंड करून टांगला होता. खाली हमालांनी माना वर केल्या. मी हसत मावशीकडे बघितलं.

ती म्हणाली, "जवळ आलीस. पर कुणी धुतला गं माजा आवाज? कवळी बसवलेल्या माणसावानी यायलाय. आपलंच तोंड, पर दात परक्याचे."

मी चिडले. खरंच चिडले. "मावशी, कंपनीनं जसा बनवला अगदी तसाच आहे! मूळ! अस्सल!"

"कंपनीचा असंल. कंपनी कव्हा आलीवती राणीसावरगावला?"

किसनमामा कोपऱ्यातून म्हणाला, "करुणाबाई, पाव्हण्याचा रेडिओ काढून टाकलास व्हय?"

मी खुर्चीत बसले. कंपनीचा शुद्ध अँप्लिफायर पार्टीकडे पहिल्या जयंतीपर्यंतच टिकला असेल. त्यानंतर जो आवाज तालुक्यानं ऐकला, तो पाव्हण्याच्या रेडिओचा, सायकलच्या तारेचा, पुढे कोण बसणार या भांडणाचा आणि कुठल्यातरी अनाडी माणसाच्या कमी वेढ्यांचा होता. घाण समजून मी जे जे फेकलं होतं, तीच सुभद्रामावशी होती. मूळ रूप शोधण्याच्या नादात मी तिलाच वजा केलं होतं.

आणि मी, जी शुद्धतेच्या नावानं चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीविरुद्ध पत्रकं काढते!

ऑपरेशन परवावर आलं होतं. फेकलेले भाग मी केराच्या डब्यातून निवडले, प्रत्येकाचं माप घेतलं. रेडिओच्या कपॅसिटरनं आवाजातला जाडपणा कापला होता, चुकीच्या रेझिस्टरनं जोरात गायलं की आवाजाला किंचित धार चढवली होती, मोडक्या बटणानं ती धार कायम केली होती. सगळं जसंच्या तसं परत बांधलं. अवघड काम खाली होतं.

"चाचा, तो ट्रान्सफॉर्मर चुकीचा भरायचाय. पहिल्यासारखा. गाठीसकट."

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना नमाज चुकवायला सांगत होते. "मेरे हाथ से जानबूझके गलत भरवाती? चाळीस साल की दुकान है."

"चाचा, मावशीचा आवाज त्या चुकीतच आहे."

"तो वो अनाडी को ढूंढ ना! उसकोच आता होगा ऐसा." जरा वेळानं त्यांनी रीळ ओढलं. "भरता. पर एक शर्त. किसी को बोलना नक्को, रफीक ने भरा."

अर्धी तार जाड, अर्धी बारीक. मधे गाठ. वेढे कमी. भरताना ते तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते. बहुधा माफी मागत असावेत. (चाचांनी हा अंक वाचला तर मी खोलीबाहेर आहे. पण पत्रकं वाचत मोठी झालेली माणसं श्रेय लपवू शकत नाहीत.)

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी मानवत. संदीपच्या गोदामाच्या पत्र्यावर कर्णा बांधला, म्हणजे मावशीला गाताना स्वतःचा आवाज लांबून ऐकू यावा. माईकपासून नवा डबा, त्यापुढे माझा विलायती नकलेचा इक्वलायझर. कर्णा जाड आवाज खातो आणि अगदी बारीकही खातो. रेकॉर्डिंगही कर्ण्यासारखं यावं म्हणून ढोलक आणि झांज दाबली, शब्द वाढवला. राणीसावरगाव आणि लंडन एका तारेत आले, आणि दोघांचं काही बिनसलं नाही.

मावशीनं पहिली ओळ टाकली. पत्र्यावरून ती मानवतच्या बाजारावर गेली आणि परत आली. मावशी थांबली. ती किसनमामाला म्हणाली, "आलं बग. आता पट्टी धर नीट."

त्या दुपारी तिनं गळ्यात होतं तेवढं सगळं ओतलं. मधेमधे कोमट पाणी, मधेमधे किसनमामाला शिव्या. बाहेर बाजारातली माणसं गोदामाच्या दाराशी जमली, तेव्हा संदीपचे वडील बघायला आले आणि दारातच उभे राहिले. शेवटच्या गाण्याला आवाज चरचरला. मी म्हटलं, परत घेऊ. ती म्हणाली, "र्‍हाऊ दे. गाठीचंबी एक गाणं असू दे."

ऐकवलं. तिनं या वेळी डोळे मिटले नाहीत. नुसतं म्हणाली, "हां. ही मी." आणि पिशवी उचलली.

त्या डब्याचा नकाशाही मी पत्रकात छापला. खाली ठळक अक्षरांत: 'यातील चुका दुरुस्त करू नयेत.' नाशिकच्या एका इंजिनिअरनं फोन करून अतिशय नम्रपणे तीन चुका दाखवल्या. मी आभार मानले. चौथी त्याला सापडली नव्हती, ती मी सांगितली.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. काही आठवडे मावशीला बोलायची बंदी होती, आणि तिच्या लेकीनं सांगितलं की घरात इतकी शांतता कधीच नव्हती. मग आवाज आला. जाड, खोल, कडेला खरखरीत. बोलायला पुरेसा. गायचं हळूहळू बघा, असं डॉक्टर म्हणाले.

जयंतीला मी राणीसावरगावला गेले. ठरलं असं, की यंदा मावशीनं गायचं नाही, रेकॉर्डिंग लावायचं. विहारासमोर निळे झेंडे, ऊन उतरलेलं, खांबावर कर्णे. माझा डबा, त्याला जोडलेला इक्वलायझर, पेनड्राइव्ह, सगळं टेबलावर, आणि मी डब्यापाशी. मावशी पांढऱ्या लुगड्यात पहिल्या रांगेत, पाहुणीसारखी. पहिलं गाणं लागलं. ओढ्यापलीकडून एक म्हातारी काठी टेकत आली आणि विचारू लागली, "सुबी बरी झाली का?" मला त्या क्षणी माझ्या धंद्याचा जो अभिमान वाटला तो मी लपवणार नाही.

दुसऱ्या गाण्याला मावशी चुळबुळ करू लागली. तिसऱ्याला उठली आणि सरळ टेबलाकडे आली.

"करुणे, बंद कर तिला."

"मावशी, डॉक्टरांनी…"

"डॉक्टर हळू गा म्हणलाय. हळू गाते. मी हितं बसले अन् ती वरून गायलीय, हे काय बरं दिसतंय का?"

मी रेकॉर्डिंग बंद केलं. तिनं माईक हातात घेतला. किसनमामा पेटीमागे सावरून बसला. "कोणत्या पट्टीत? काळी चार?"

"काळी चार तिच्याकडं गेली. मला खालची, पांढरी एक दे."

ती गायला लागली. आवाज जाड होता, वर जाताना फाटला, तिनं ओळ सोडून खालून पुन्हा धरली. मागून कुणीतरी पोरगं ओरडलं, "मावशी, रेकॉर्डिंगच बरं व्हतं की!"

मावशी थांबली. "मग तिलाच चहा पाज, तिलाच जेवू घाल. माजं ताट मी घिऊन जाते." लोक हसले. ती हसली नाही. पुन्हा सुरुवातीपासून उचललं.

माझा डबा तिच्या जुन्या, पातळ, धारदार आवाजासाठी बांधलेला. हा नवा आवाज त्याला पेलत नव्हता, कर्णा भरभरत होता. रेडिओचा कपॅसिटर, गाठीची तार, सगळं अचूक आणि सगळं आता भलत्याच बाईसाठी. माझा हात आपोआप बटणाकडे गेला. ढोलक जरा दाबावी, शब्द जरा वर घ्यावा, निदान जुन्याच्या जवळपास आणावा.

मावशीनं गाता गाता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं आणि दोन ओळींच्या मधल्या जागेत, माईकवर हात ठेवून म्हणाली, "हात काढ त्याच्यावरून. आता कसा हाय माजा आवाज, ते मला आधी कळू दे."

मी हात काढला आणि पाठीमागे धरला. ती पुढच्या ओळीला गेली.